खोडाची जाडी

माझ्या गॅलरीतला बोन्साय वड अकरा वर्षांचा झाला, तरी त्याचे खोड करंगळीएवढेच राहिले. उथळ कुंडी, वेळच्या वेळी छाटणी, तारेने दिलेले वळण, सारे मी निष्ठेने केले. चुकला तो क्रम.

छाटणीने झाड आटोपशीर होते, जाड होत नाही. सालीखालचा वाढीचा थर नवे लाकूड घडवतो तो पानांनी तयार केलेल्या अन्नावर. पाने खुडत राहिलो की खोड उपाशी राहते. म्हणून जाणकार रोप आधी जमिनीत लावतात, मुळे आडवी पसरावीत म्हणून खाली फरशी ठेवतात आणि काही वर्षे त्याला मोकळे सोडतात. बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम लांबच लांब वाढू देतात. तिच्याखालचे खोड भरले की तीच कापून टाकतात. जपानी बोन्सायकार तिला बळीची फांदी म्हणतात.

हे समजले तेव्हा मला एक विद्यार्थी आठवला. प्रथम वर्षाला असताना तो कविता दाखवायला आणी, पसरट, शब्दबंबाळ. मी ओळ न् ओळ छाटून परत देई. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या कविता नेटक्या झाल्या आणि मग थांबल्याच. ज्याला मी पाल्हाळ समजलो, ती कदाचित त्याची बळीची फांदी होती. कापायचीच होती, पण इतक्या लवकर नव्हे.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वड अंगणात लावला. त्याला अजून उशीर झालेला नाही.