‘जरी’ असला तरी ‘तरी’ नको

आमच्या इंदूरच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसच्या मेलमध्ये इंग्रजी. गेल्या वर्षी बाबांच्या ऑपरेशनसाठी मला रजा हवी होती. मी लिहिलं, ‘ऑल्दो द प्रोजेक्ट इज पेंडिंग, बट आय नीड लीव्ह.’ ताईला दाखवलं. ती म्हणाली, “यातलं ‘बट’ काढ.”

आपल्याकडे ‘जरी’मागून ‘तरी’ येतो, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ लागतो. ही जोड्यांची सवय मी इंग्रजीत नेली होती. तिथे गौण वाक्याला ‘ऑल्दो’ लावलं की पुरे. मुख्य वाक्य मोकळं राहतं.

मग ताईने वाक्य उलटं केलं: ‘ऑल्दो आय नीड लीव्ह, द प्रोजेक्ट इज पेंडिंग.’ मजकूर तोच, पण आता जणू मीच रजा नाकारत होते! ‘ऑल्दो’ ज्याला लागतं, ते मागे सरतं.

शेवटी पाठवलं, ‘आय नीड लीव्ह फ्रॉम मंडे बिकॉज माय फादर इज हॅविंग सर्जरी.’ गरज मुख्य वाक्यात, कारण ‘बिकॉज’च्या मागे. रजा मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी मी बाबांजवळ होते.

आता मेल लिहिताना आधी ठरवते, मला नक्की काय म्हणायचंय. ते कधीच ‘ऑल्दो’च्या मागे लपवत नाही.