सूर्यास्तापूर्वी

पुण्यातील एका भुसार व्यापाऱ्याचे कुटुंब चैत्रात शिवनेरी पाहण्यास जुन्नरला आले होते. आजींच्या पिशवीतील उकळून गार केलेल्या पाण्याला नातवंडे हसली. सात दरवाजांची चढण संपेपर्यंत तेच पाणी घोटघोट पुरवावे लागले. गंगा-जमुना टाक्यांचे पाणी नितळ दिसले, तरी आजींनी ते कोणास पिऊ दिले नाही. गडाच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात, उग्र वासाने व धुराने माश्या चवताळतात; म्हणून थोरल्या नातवाचे अत्तरही त्यांनी पायथ्याशीच पुसविले होते.

मुक्काम मंचरला, नातलगांकडे होता. आजींचा चौविहार, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी पोहोचणे ठरले होते. छायाचित्रांपायी गडावरच उशीर झाला आणि आंबेगाव तालुक्यात शिरताना अंधार पडला. धाकट्याने लघुशंकेसाठी गाडी थांबवली व तो एकटाच उसाकडे निघाला. आजोबांनी धावत जाऊन त्याचा दंड धरला.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला आणि बिबट्याने त्यातच घर केले. त्याची पिलेही उसातच जन्मतात. लहान मूल किंवा खाली बसलेले माणूस त्याला सहज भक्ष्य वाटते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, म्हणजे सारे बिबटे पिंजऱ्यात आहेत, अशी शहरी समजूत असते! गोदामातील मालाचा विमा न चुकता उतरविणाऱ्या या घरच्या गाडीत साधी विजेरी नव्हती.

पुढे दिव्यांच्या उजेडातील पेट्रोल पंपावर गाडी थांबली. आजींनी त्या रात्री पाण्याचा घोटही घेतला नाही. छायाचित्रे मात्र सुरेख आली होती.