'नाही' म्हणजे नक्की काय?

मंडळी, 'नाही' या शब्दाचे दोन अर्थ असतात. एक, वस्तूच नाही. दुसरा, वस्तू आहे, पण तुम्हाला मिळणार नाही. उधारी थकली की वाणी म्हणतो 'साखर संपली', तेव्हा हा कोणता 'नाही' ते आपल्याला बरोबर कळतं! संगणकाच्या बाबतीत मात्र हा फरक मुद्दाम शोधावा लागतो.

पायथॉनमध्ये फाइल जागेवर आहे का हे विचारायला 'ओएस.पाथ.एक्झिस्ट्स' आहे, आणि ती वाचायची परवानगी आहे का हे विचारायला 'ओएस.ॲक्सेस'. दिसायला सोपं. पण गंमत बघा, ज्या फोल्डरमध्ये शिरायचीच परवानगी नाही, त्यातल्या फाइलबद्दल विचारलं तर पहिलं फंक्शन सरळ 'फॉल्स' म्हणतं. फाइल आत सुखरूप, आणि आपण समजतो हरवली. शिवाय विचारणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात कुणी ती पुसूही शकतं. म्हणून जाणकार सांगतात, आधी विचारत बसू नका. थेट उघडा, आणि एरर आली तर ती नीट वाचा. लिनक्समध्ये एरर 2 म्हणजे फाइल नाही, 13 म्हणजे परवानगी नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण आमचा नंदुरबार जिल्हा. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना दिला गेला. हा माणूस आहे, याची ती नोंद. रेशनच्या धान्याचा हक्क मात्र 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातून येतो. अस्तित्व वेगळं, हक्क वेगळा.

मध्यंतरी ओळखीच्या एका आजींचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागेना. जन्मभर निंदणी-कापणी करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. उत्तर मिळालं, "नाही येत, नंतर या." आजी म्हणाल्या, "मी आठे उभी शे ना!" दोन खेपा झाल्यावर डाव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि धान्य मिळालं.

आधारच्या यंत्रणेतही नकारांना आकडे आहेत. 300 म्हणजे ठसा जुळला नाही. 998 म्हणजे क्रमांक चुकीचा किंवा त्याची नोंद उपलब्ध नाही. पहिल्यात दुसरं बोट लावून बघायचं, दुसऱ्यात नोंद तपासायची. यंत्राला फरक माहीत असतो. आजींपर्यंत पोचला तो नुसता 'नाही'.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मित्रांना म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं: सगळ्या एररना 'काहीतरी चुकलं' असा एकच निरोप चिकटवू नका. काय नाही, आणि आता काय करायचं, या दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या नसल्या तर समोरच्याच्या दोन खेपा होतात, आणि खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. असो.