कपाळावरचा पट्टा

डुलुथ सोडलं आणि भाचीने गाडी उत्तरेला वळवली. उजवीकडे लेक सुपिरियरचं पाणी. अडीच तास झाले तरी पलीकडचा काठ काही दिसेना. कॅनडाची हद्द थोड्याच अंतरावर उरली असताना ग्रँड पोर्टेज आलं. टोकदार खांबांचं उंच कुंपण, आत लाकडी सभागृह. हे सारं जुन्या जागी नव्याने उभारलेलं आहे. कुंपणामागून रानात शिरणारी पायवाट मात्र अस्सल जुनी, आणि मी आले होते ती तिच्यासाठीच.

पिजन नदी सरोवराला मिळण्याआधी धबधब्यांवरून कोसळते. तिथे होडी चालत नाही. मग होडी आणि सामान अंगावर घ्यायचं, १३.७ किलोमीटर रान तुडवायचं आणि वरच्या संथ पाण्यात पुन्हा होडी लोटायची. इथल्या ओजिब्वे लोकांनी या जागेला नावच दिलं ‘गिची ओनिगामिंग’, म्हणजे ओझी वाहून न्यायची मोठी जागा. १७३१ साली ला व्हेरेन्द्री हा फ्रेंच अधिकारी इथवर पोचला, तेव्हा ही वाट पाहून त्याच्या बहुतेक माणसांनी पुढे यायला साफ नकार दिला. ला व्हेरेन्द्रीसारख्यांना पुस्तकं ‘शोधक’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. वाट आधीच पडलेली होती, रोजच्या पायांनी.

खटाटोप सगळा बीव्हरच्या कातड्यासाठी. वरच्या राठ केसांखाली त्याला दाट मऊ लोकर असते. तिच्या तंतूंना बारीक काटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत घट्ट गुंततात आणि उत्तम नमदा होतो. युरोपातल्या टोप्या त्याच्याच. सुरुवातीच्या काळात व्यापारी वापरलेली कातडी जास्त मोलाने घेत, कारण अंगावर पांघरून पांघरून राठ केस झडलेले असत. इथल्या माणसांच्या अंगाची ऊब घेतलेली कातडी पॅरिस-लंडनच्या डोक्यांवर गेली!

१७८० च्या दशकात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीने इथे आपलं मुख्य ठाणं केलं. दर उन्हाळ्यात मॉन्ट्रियलहून कापड, किटल्या, बंदुका, मणी भरलेल्या होड्या येत. पश्चिमेच्या रानात हिवाळा काढलेले लोक कातडी घेऊन उतरत. होड्या बर्चच्या सालीच्या. छपरीत एक ठेवली आहे. मी सांध्यावरून बोट फिरवलं. स्प्रूसच्या मुळांनी घातलेले टाके, त्यांवर डिंकाचा काळा लेप. शिवणं-लिंपणं बहुधा ओजिब्वे बायकांचं काम. त्यांनी गोळा केलेला रानतांदूळ आणि मेपलची साखर नसती, तर ठाण्यातल्या पुष्कळ चुली थंडच राहिल्या असत्या. कंपनीच्या भागीदारांची नावं मात्र नोंदवहीत आहेत, या बायकांची नाहीत.

कोपऱ्यात एक गाठोडं होतं, ४१ किलोचं. आपल्या हमालाला चुंभळ लागते. इथे चामड्याचा पट्टा कपाळावर घेऊन ओझं पाठीवर सोडत. पट्टा कपाळाला लावून मी उठायला गेले, तर मानेत कळ आली आणि गाठोडं जागचं हललं नाही.

“मावशी, वल्हेकरी अशी दोन-दोन न्यायचे,” भाची हळूच म्हणाली.

मॉन्ट्रियलहून आलेल्या प्रत्येक वल्हेकऱ्याच्या वाट्याला अशी आठ गाठोडी. म्हणजे चार फेऱ्या; जाणं-येणं धरलं तर शंभरहून जास्त किलोमीटर, चिखलातून आणि डासांतून. उसंत मिळे ती ठरावीक टप्प्यांवर, ओझं टेकवून चिलीम ओढण्यापुरती.

पुढे सरहद्द आखली गेली आणि ठाणं अमेरिकेच्या बाजूला पडलं. जकात टाळायला कंपनीने १८०३ च्या सुमारास उत्तरेला कामिनिस्टिक्विया नदीवर बस्तान हलवलं. ओजिब्वे कुठे गेले नाहीत. १८५४ च्या तहाने भोवतालची जमीन त्यांची राखीव वसाहत ठरली. त्यांनीच दिलेल्या जमिनीवर १९६० मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं, आणि आज त्याची देखभालही तेच करतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन ती वाट चाललो. पलीकडच्या टोकाला फोर्ट शार्लट होता. आता तिथे भिंतसुद्धा नाही. गवत, तंबूंपुरती जागा आणि तपकिरी, संथ पिजन नदी. भाचीने पाण्यात पाय सोडले. मी काठावर बसून कितीतरी वेळ कपाळ चोळत राहिले.