शेवटचा वाफा, शेवटचा माणूस

सामूहिक बाग आखणे आणि माणसांचा एक जथा दिवसभरात डोंगर चढवून सुखरूप खाली आणणे ही दोन कामे वरकरणी भिन्न असली, तरी खानदेशात ती करणाऱ्याला दोन्हीकडे छळते ती अडचण एकच, शेपटाची. पाण्याच्या तोंडापासून दूर पडलेला वाफा आणि वाटेवर मागे राहिलेला चालणारा यांच्या वाट्याला, आराखडा कितीही नेटका असला तरी, उरलेसुरलेच येते.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीने या अडचणीला दिलेले उत्तर अजून कोणी ओलांडलेले नाही. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचा एक सलग भाग. सामान्यतः असे चार भाग पाडून प्रत्येकात एकच पीक घेतले जाई, पिकांची फेरपालट होई, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा सर्वांत वाटला जाई. पाणी ज्याचे त्याने घ्यायचे नाही. ते पाटकरी, म्हणजे सर्वांनी मिळून नेमलेला पाणी देणारा माणूस, देत असे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ही शिस्त बहुतेक ठिकाणी विसकटली.

शहरांतील नव्या सामूहिक बागांत मात्र प्रत्येक कुटुंबाला एक वाफा आणि त्यावर नावाची पाटी देण्याची प्रथा रूढ झाली आहे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की कोणत्या पाट्या आधी ओस पडणार हे बाग आखली जाते त्याच दिवशी ठरलेले असते. जळगावने घरोघरी नेलेल्या ठिबक सिंचनाने हा प्रश्न सुटला असे मानणारेही पुष्कळ आहेत. दाब सम राखणाऱ्या तोट्यांनी पाणी सारखे पडते हे खरेच. परंतु गाळ साचतो तो नळीच्या टोकाशी, आणि टोकाची टोपी काढून नळी धुण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याही नकाशात दाखवता येत नाही.

डोंगरावर तर तोटीही नसते. खानदेशच्या फारुकी घराण्याच्या आरंभकाळात महत्त्वाचे ठाणे असलेला, धुळ्याच्या दक्षिणेस महामार्गालगतचा लळिंग किल्ला चढताना पुढची मंडळी सावली गाठून बसतात, मागचा धापा टाकत तेथे पोहोचतो, आणि तो पोहोचला म्हणून पुढची मंडळी उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळत नाही. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावी हा नियम सर्वांना ठाऊक असतो, परंतु पुढच्यांचे पाय शिवशिवू लागले की तो टिकत नाही. शिखरावरच्या छायाचित्रासाठी गर्दी हाकणारे हल्लीचे व्यावसायिक आयोजक तर तो मानतच नाहीत.

प्रस्तुत लेखकाने वर्षानुवर्षे पुढेच चालणे पसंत केले, आणि त्यामागे वाट दाखविण्याच्या गरजेपेक्षा पाठीशी माणसांची रांग येते आहे या जाणिवेचे सुख अधिक होते. साठीनंतर गुडघ्यांनी त्यास मागे आणले, तेव्हा रांगेचे शेपूट त्यास प्रथमच आतून दिसले. पण मनुष्यस्वभाव असा की आता मागे चालण्याचाही अभिमान वाटू लागला आहे, आणि मागच्याला धीर देणारा म्हणून ओळखले जावे ही इच्छा पूर्वीच्या इच्छेहून कमी प्रबळ नाही. शेपटाची ही अडचण सुटत नाही, ती फक्त वाटून घेता येते, आणि फडकऱ्यांनी नेमके तेच केले होते. बाग आखू पाहणाऱ्यांनी नकाशा काढण्यापूर्वी पांझरेकाठी जावे आणि पाटकऱ्याचे काम केलेली जाणती माणसे हयात आहेत तोवर पाण्याच्या पाळीचा हिशेब त्यांच्याकडून उतरवून घ्यावा.