मधला भोंगा

चिरंजीवांनी पुण्याहून कळवले की, या दिवाळीला आपल्या शिरपूरच्या घरात ‘होम थिएटर’ बसवायचे; पैसे मी देतो, निवड तुम्ही करा. पैसे एकाचे आणि निवड दुसऱ्याची, यातला डाव मला लग्नातल्या शालूंपासून ठाऊक आहे. वस्तू चांगली निघाली तर लोक विचारतात पैसे कुणाचे, आणि वाईट निघाली तर विचारतात निवड कुणाची. तरी मी होकार दिला. बँकेतून निवृत्त होऊन, नागपूर सोडून गावी परतल्याला तीन वर्षे झाली होती. आपल्याला कुणी काही ठरवायला सांगावे, ही भूक पेन्शनने भागत नाही.

आमचे शिरपूर म्हणजे शिरपूर जैन. गावाचे नाव सांगितले की लोकांना धुळ्याकडचे शिरपूर वाटते, आणि तालुका मालेगाव म्हटले की नाशिककडचे मालेगाव. जिल्हा वाशीम, हे शेवटी सांगावे लागते. इथले अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर मात्र दूरवर माहीत आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी तिची ख्याती, आणि ते पाहायला लोक लांबून येतात. हे इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

आमच्या घरात आवाजाचा धंदा जुनाच आहे. वडिलांची ‘साऊंड सर्व्हिस’ होती. साऊंड सर्व्हिस म्हणजे दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड-प्लेअर, दोन माईक आणि हे सारे लादायला एक छकडा. लग्न, गणपती, जत्रा, निवडणूक, सगळीकडे बाबांचे भोंगे. १९७५ साली ‘शोले’ आला आणि पुढे त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली, तेव्हा बाबांनी ती इतक्या मांडवांत वाजवली की, ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही गब्बर पाठ झाला. पुढे ट्रकवर भिंती उभारणारे लोक आले, तसे बाबांनी सामान गुंडाळून माळ्यावर टाकले. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. बैठकीत दाराजवळ त्यांची खुर्ची. ती तिथून कुणी हलवू नये, असा घरातला अलिखित कायदा आहे.

त्या खुर्चीवर बसून बाबा टी.व्ही. पाहत. टी.व्ही. पाहणे म्हणजे आवाज वाढवणे. रात्री नऊला आमच्या घरातल्या बातम्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात. हिने सुरुवातीला खिडक्या लावल्या, मग दार लावले, मग बोलणे सोडले. शेजाऱ्यांनी एकदा दहा वाजल्यानंतरच्या कायद्याची आठवण करून दिली. हा कायदा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. ज्यांनी जन्मभर भोंगे लावले, त्यांना तो घरातल्या टी.व्ही.साठी ऐकावा लागला. श्रवणयंत्र आणले होते. ते बहुधा खणात असे. बाहेर निघाले की शिटी मारी.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मागेच समजावून सांगितले होते. वयाने, आणि भोंग्याशेजारी काढलेल्या वर्षांनी, आधी जातात ते उंच सूर. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे जाड असतात, ते शाबूत राहतात. पण स, श, फ, त, क ही व्यंजने बारीक आणि उंच. ती गळली की माणसाला आवाज येतो, पण शब्द येत नाही. ‘सात’ की ‘काठ’, हे अंदाजाने ठरवावे लागते. हे मी ऐकले होते, मान डोलावली होती आणि विसरलो होतो.

तर मी अभ्यासाला लागलो. चिरंजीवांनी ‘फाइव्ह पॉइंट वन’ लिहिले होते. याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक घुमणारी पेटी: समोर डावा, उजवा आणि मधला, बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे दोन, आणि तळातल्या आवाजाला सब-वूफर. सब-वूफर कुठेही ठेवला तरी चालतो, कारण फार जाड आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही. कोपऱ्यात ठेवला तर मात्र मांडणीवरची भांडी त्याला साथ देतात.

इतिहासही वाचला. १९३१ साली अॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने दोन वाहिन्यांच्या आवाजाचे पेटंट मागितले. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे सिनेमागृहात त्याला खटकले, असे सांगतात. ज्यांचे नाव आज प्रत्येक पेटीवर असते ते रे डॉल्बी तर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडला होते, आणि १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. हे वाचून मला उगाच घरोबा वाटला.

पण सर्वांत गंमत वाटली ती अशी. समोर दोनच स्पीकर असले आणि दोघांतून अगदी सारखा आवाज आला, तर तो बरोबर मधून, जिथे काहीच नाही तिथून येतो असे वाटते. आवाज अधांतरी! आमच्या गावच्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. मात्र हा चमत्कार फक्त बरोबर मध्यावर बसणाऱ्याला दिसतो. जरा सरकलात की आवाज जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतो. सिनेमातले बोलणे मधल्या, खऱ्याखुऱ्या स्पीकरला नेमून दिलेले असते ते एवढ्यासाठीच. मी हे वहीत लिहिले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. दाराजवळच्या खुर्चीची मला आठवणही झाली नाही.

बाबांना घेऊन अकोल्याला गेलो. दुकानात एक काळोखी खोली होती. विक्रेत्याने आम्हांला कोचावर बसवले आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर नेले. मग पाऊस पाडला, काचा फोडल्या. मी हरखलो. पाचाऐवजी सात घ्या, छतातही दोन बसवता येतात, असे तो म्हणाला, आणि मी मनातल्या मनात छताला भोके पाडू लागलो.

बाबा म्हणाले, “चांगलं हाय.” मग थोडे थांबून, “याच्यावर बातम्या लागते काय?”

विक्रेता हसला. हेलिकॉप्टरच्या तोलाचे काही दाखवावे ही त्याची इच्छा. पण म्हाताऱ्या माणसापुढे इलाज नसतो. त्याने बातम्या लावल्या. बाबा उठले, एकेका स्पीकरशी कान नेत फिरले आणि मधल्यापाशी थबकले. “बाकीचे बंद कर बापा. हाच राहू दे. अन् याले थोडा वाढव.”

बाकीचे बंद झाले. बातम्यांच्या वाहिन्या दोनच, पण दोन्हींत सारखे असते ते ओळखून यंत्र मधल्याकडे धाडते, असे विक्रेत्याने सांगितले. निवेदिका कापसाच्या भावाबद्दल बोलत होती. बाबा वाकून ऐकत होते, आणि तिचे वाक्य संपले की हलक्या आवाजात तेच वाक्य म्हणत होते. शाळेत शुद्धलेखन घेतात तसे. चार-पाच वाक्ये त्यांनी म्हटली. एकही शब्द चुकला नाही. मी हेलिकॉप्टर विसरलो.

परतताना पातूरच्या घाटात मी विचारले, “बाबा, घरी तुम्हांला बोलणं कळतच नव्हतं का?”

“आवाज येते.”

“आणि सिनेमे? ते तर रोज पाहता.”

“ते पाठ हाय,” बाबा म्हणाले. “नवं लावलं का समजत नाही. सांगून काय करू? तुम्ही आवाज वाढवता, लोक बोंबलते.”

बाबांना जुनेच सिनेमे आवडतात, असे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. घरात सगळे हसले की बाबाही हसत, क्षणभर मागून. त्या क्षणभराला आम्ही वय म्हणत होतो. घाट उतरेपर्यंत मी काही बोललो नाही.

निवड मग सोपी झाली. पैशांतला मोठा वाटा मधल्या स्पीकरवर घातला. डावा-उजवा त्याच जातीचे पण साधे. मागचे दोन स्वस्तातले, नातवाच्या हेलिकॉप्टरसाठी. मधल्याचा आवाज बाकीच्यांहून निराळा वाढवता यावा, ही रिसीव्हर घेतानाची माझी एकच अट होती. चपट्या टी.व्ही.चे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणजे बोलणारा भिंतीशी बोलतो. जुन्या डबड्याचे निदान समोर तरी असत. छत वाचले.

बसवणूक बाबांनी केली. कारागीर आला होता, त्याला त्यांनी चहा दिला आणि बसवून ठेवला. माळ्यावरून पेटी उतरवली. जुन्या तारा बारीक म्हणून फेकल्या. प्रत्येक स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिला: पडदा बाहेर आला तर जोडणी सुलटी, आत गेला तर उलटी. एक स्पीकर उलटा जोडला गेला की आवाज पोकळ होतो आणि बोलणे कुठून येते ते समजत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते. मधला स्पीकर टी.व्ही.खाली ठेवून त्याला पुढून पाचर लावली, म्हणजे त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे झाले. मग त्यांनी बैठकीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवली आणि तोंड वाकडे केले. “रिकामा मांडव.” फरशी उघडी, भिंती उघड्या, टाळी दोनदा वाजत होती. लोक आले की मांडवातला आवाज बसतो, तसा हा बसवायला हिच्याकडून दोन सतरंज्या आणि माजघरातला जाड पडदा मागून घेतला. पडद्यावरून थोडी बोलाचाली झाली. ती इथे लिहीत नाही.

शेवटी यंत्राने आपला छोटा माईक लावून स्वतःच प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजले. मीटरभर अंतराला आवाजाला तीन सहस्रांश सेकंद लागतात, तेवढा जवळच्याला थांबवायचा. बाबा कौतुकाने पाहत होते. “हेही हॅलो हॅलो करते म्हना!” म्हणाले. आणि हे सारे मोजमाप कोचावरून नव्हे, दाराजवळच्या खुर्चीवरून झाले. खणातले श्रवणयंत्रही निघाले. त्याचा आवाज इतका कमी ठेवला होता की ते शिटी मारीना.

पाडव्याच्या रात्री सगळे बैठकीत जमलो. नातवाने ‘शोले’ लावायला घेतला, आजोबांसाठी. बाबा म्हणाले, “तो राहू दे. न पाह्यलेलं लाव.” एक नवे मराठी नाटक लावले. हिने सवयीने खिडकी लावली, मग पुन्हा उघडली. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. चष्म्याच्या कडेतून दाराकडे पाहत होतो. पहिली दहा मिनिटे बाबांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होता. मग एकाएकी ते मोठ्याने हसले. एकटेच. मागोमाग बाकीचे हसले.

“काय झालं?” मी विचारले.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. “काहून,” ते म्हणाले, “तुले ऐकू नाही आलं काय?”