खोटा कडा, खरें धैर्य

अंधारांत पडलेली दोरी साप भासते, दिवा आणला कीं साप नाहींसा होतो आणि त्याच्याबरोबर भयहि मावळतें, हा वेदान्त्यांचा दृष्टान्त आपल्याकडे इतका रूढ आहे कीं, ज्ञान झाल्यावरहि भय उरूं शकेल ही शंका सहसा कोणास शिवत नाहीं. परंतु मनोविकारांच्या प्रांतांत हा दृष्टान्त लंगडा पडतो. ज्यास उंचीची अनिवार भीति वाटते त्याला गच्चीचा कठडा मजबूत आहे हें आपल्याइतकेंच ठाऊक असतें. जी स्त्री गर्दींत पाऊल टाकूं शकत नाहीं तिला बाजारांतील माणसें आपला जीव घेणार नाहींत हें कोणी समजावून सांगण्याची गरज नसते. दिवा लागलेला असतो, दोरी ही दोरीच आहे हें स्वच्छ दिसत असतें, आणि तरीहि अंगास घाम सुटतो. अशा मनुष्यास 'उगीच काय भितोस?' असें विचारणें म्हणजे तापानें फणफणलेल्यास 'उगीच काय तापतोस?' असें विचारण्यासारखें आहे.

यावर पाश्चात्य मानसशास्त्रानें जो उपाय शोधून काढला तो उपदेशाचा नसून अभ्यासाचा आहे. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा खाऊ खात असतां ससा प्रथम दूर ठेवावयाचा, मग थोडा थोडा जवळ आणावयाचा. असें करतां करतां तो मुलगा सशाला गोंजारूं लागला. पुढें १९५८ सालीं जोसेफ वोल्पे यांनीं आपल्या ग्रंथांत या तत्त्वाला पद्धतशीर रूप दिलें. सार एवढेंच कीं, भयाच्या वस्तूपासून पळत राहिल्यानें भय पोसलें जातें. पेलवेल इतक्या मात्रेनें तिला सामोरें गेलें, म्हणजे मनानें कल्पिलेला अनर्थ घडत नाहीं हें हळूहळू शरीरासहि उमगतें.

तत्त्व सोपें, व्यवहार कठीण. ससा खोलींत आणतां येतो. दहा मजल्यांची इमारत किंवा खच्चून भरलेली बस कशी आणावी? आणि वैद्य व रोगी यांच्यामध्यें शंभर मैलांचें अंतर असल्यास काय करावें? दूरच्या रोग्यास तज्ज्ञाशीं जोडण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंत नेब्रास्का येथील मानसोपचारसंस्थेनें १९५९ सालींच दुतर्फा दूरचित्रवाणीचा उपयोग सुरू केला, आणि १९६४ सालीं ती संस्था ११२ मैलांवरील नॉरफोकच्या मनोरुग्णालयास याच मार्गानें जोडली गेली. २०२० च्या साथीनंतर भ्रमणध्वनीवरून मानसोपचार घेणें आपल्याहि परिचयाचें झालें. परंतु अशा रीतीनें शब्द जातो, चेहरा जातो. जागा जात नाहीं. रोगी आपल्या खोलींत बसून बाजाराच्या भीतीविषयीं बोलतो, आणि बाजार बाजारांतच राहतो.

ही उणीव भरून काढण्याची शक्यता ज्या साधनानें निर्माण केली आहे त्यास 'आभासी वास्तव' असें म्हणतात. डोळ्यांवर चढविलेल्या पेटीवजा चष्म्यांत प्रत्येक डोळ्यापुढें किंचित् भिन्न चित्र असतें, त्यामुळें दृश्यास खोली येते. आणि मान वळवितांच चित्रहि त्या बेतानें वळतें, त्यामुळें आपण दृश्याकडे पाहत नसून दृश्याच्या आंत उभे आहों असें वाटतें. आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं पुढें मांडलेलें यंत्र छताला टांगलेलें होतें. आजचें शाळेच्या दप्तरांत मावतें. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हा चष्मा आम्हीं एकदां लावून पाहिला. पायांखालीं फरशी आहे, शेजारीं विद्यार्थी हंसत उभे आहेत, हें सर्व ठाऊक असतांहि समोरच्या दरीवरील फळीवर पाऊल टाकावयास आमचे गुडघे तयार होईनात. बुद्धि म्हणे पुढें चला, पाय म्हणत मुळींच नाहीं. माया खोटी असली तरी तिचा परिणाम खोटा नसतो, हें त्या पांच मिनिटांत जसें पटलें तसें पुष्कळ वाचूनहि पटलें नव्हतें.

आणि नेमकें हेंच या उपचाराचें मर्म होय. दृश्य खोटें असल्यामुळें त्यांत धोका नाहीं. भय खरें असल्यामुळें त्यावरचा अभ्यासहि खरा. अटलांटा येथें बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांचे सहकारी यांनीं उंचीच्या भयावरील असा प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध केला. २०१८ सालीं ऑक्सफर्डच्या डॅनिएल फ्रीमन यांच्या मंडळीनें शंभर जणांची चांचणी प्रसिद्ध केली. चष्म्यांतील दहा मजली इमारतींत, यंत्रांतल्याच एका मार्गदर्शकाच्या सूचनांनीं, झाडावर अडकलेलें मांजर सोडविणें यांसारखीं कामें करतां करतां उपचार घेणाऱ्यांचें भय सरासरीनें ६८ टक्के उतरलें. पुढच्याच वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं १९३ जणांची चांचणी प्रसिद्ध केली. तींत उपचार घेणाऱ्यांनीं स्वतःचा भ्रमणध्वनी पुठ्ठ्याच्या साध्या चष्म्यांत बसवून, वैद्याच्या मदतीवांचून अभ्यास केला, आणि त्यांसहि चांगला गुण आला. या दोन्ही ठिकाणीं तुलना होती ती बहुतांशीं उपचार न मिळालेल्यांशीं, कुशल उपचारकाशीं नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पण ज्या देशांत बहुसंख्य रोग्यांना उपचारच मिळत नाहींत तेथें ही तुलना गैरलागू म्हणतां येणार नाहीं.

तसा देश आपला होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत निरनिराळ्या विकारांचे शेंकडा ७० ते ९२ रोगी उपचाराविना आढळले. महाराष्ट्र सरकारचीं जुनीं मनोरुग्णालयें चार: ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आमच्या समाजांतील खरें अंतर मैलांनीं मोजण्याजोगें नाहीं. आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित कुटुंबांतील मुलगी दीड वर्ष महाविद्यालयांत गेली नाहीं. बस दिसली कीं तिची छाती धडधडूं लागे. शेजारीं मात्र 'तिची प्रकृति जरा नाजूक आहे' एवढेंच सांगितलें जाई. मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होता. तेथें जातांना कोणी पाहिलें तर पुढें लग्नाचें कसें, या एका विचारापायीं ती दहा मिनिटांची वाट दीड वर्षांत कोणाच्यानें चालवली नाहीं. असें अंतर कापावयास घरबसल्या मिळणाऱ्या उपचारासारखें साधन नाहीं, हें आम्हांस मनापासून मान्य आहे.

मात्र तीन गोष्टी विसरून चालणार नाहीं. पहिली ही कीं, दृश्य आपलें असलें पाहिजे. तीव्र मनोविकारामुळें बाहेर पडण्यास धजत नसलेल्या ३४६ रोग्यांची जी चांचणी इंग्लंडांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाली, तींत रस्ता, बस, दुकान, दवाखान्यांतील प्रतीक्षागृह, कॉफीगृह आणि मद्यगृह अशीं तेथील नित्याचींच दृश्यें होतीं. त्या मद्यगृहांत निर्भय झालेली आमची मुलगी स्वारगेटच्या स्थानकावर कशी टिकणार? तिला हवी ती भरगच्च एस.टी., 'पुढें सरका' म्हणून ओरडणारा कंडक्टर, आणि धक्का लागतांच डोळे वटारणारी बाई. हीं दृश्यें आमच्याच चित्रकारांनीं, तंत्रज्ञांनीं आणि वैद्यांनीं रचलीं पाहिजेत.

दुसरी गोष्ट एकांताची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत चष्मा लावणाऱ्यास कोणी दिसत नाहीं, पण त्याला सारे पाहतात. डोळे झांकून, हात पुढें करून, कांपत उभ्या असलेल्या सुनेकडे पाहून घरांत हंसूं फुटलें, तर उपचार तेथेंच संपला. तेव्हां चष्म्याबरोबर घरच्यांनाहि चार शब्द समजावून सांगण्याची व्यवस्था हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंग्लंडांतील त्या चांचणींत रोग्याजवळ मानसोपचारसेवेंतील एक माणूस असे, आणि ज्यांचें भय अतितीव्र होतें त्यांना अधिक लाभ झाला. वर सांगितलेल्या मुलीनें अखेर दूरध्वनीवरून उपचार घेतला. उपचारिकेनें तिला आठवड्यास एक थांबा पुढें जावयास सांगितलें, आणि तिची मावशी न चुकतां तिच्याबरोबर बसमध्यें बसे. आभासी बस हाताशीं असती तर ते पहिले आठवडे तिला इतके जड गेले नसते, असें आम्हांस वाटतें; पण चष्मा उतरल्यावर तिला मावशी लागलीच असती.

यास्तव, हीं यंत्रें येथें आणावींत, आणि तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचवावींत, असेंच आमचें मत आहे. फक्त यंत्रांचा खर्च मांडतांना त्याच कागदावर, रोग्याशीं त्याच्या बोलींत बोलणाऱ्या आणि दर आठवड्यास त्याची विचारपूस करणाऱ्या शिकविलेल्या माणसांचाहि खर्च मांडावा. बाकीचें काम कुटुंबांचें आहे. दम्याचें औषध जसें आपण पाहुण्यांसमोर टेबलावर राहूं देतों, तसा हा चष्माहि राहूं द्यावा. आणि कोणी विचारल्यास तो कशासाठीं आहे तें सरळ सांगावें.